उदारमतवादी आणि डावे: एकाच पिशवीत कोंबलेले दोन वेगळे प्रश्न

‘लिबरल-डावे’ हा जोडशब्द मराठीत इतका रुळला आहे की आपण दोन शब्द वापरतो आहोत याचंही लिहिणाऱ्याला भान राहत नाही. कोणी तो शिवी म्हणून फेकतं, कोणी बिरुद म्हणून मिरवतं. गफलत दोघांची एकच. त्यात ‘पुरोगामी’ मिसळला की काही कळायचंच उरत नाही. पुरोगामी म्हणजे पुढे जाणारा, पण कुठे, हे तो शब्द सांगत नाही. मी तो वापरणं सोडून दिलं आहे. उदारमतवादी आणि डावे हे शब्द मात्र सोडायची माझी तयारी नाही, कारण दोघांनाही नेमका अर्थ आहे.

डावे कोण, हे बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून ते थोडक्यात उरकतो. १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रसभेत राजाला नकाराधिकार असावा का यावर वाद झाला. नको म्हणणारे अध्यक्षांच्या डाव्या हाताला बसले आणि तिथून हा शब्द निघाला. पुढे समाजवादी आले, मार्क्सवादी आले. आपल्याकडे कम्युनिस्ट पक्ष, गिरणी कामगारांच्या संघटना, १९३४ चा काँग्रेस समाजवादी पक्ष, १९४७ चा शेतकरी कामगार पक्ष, गोदावरी परुळेकरांनी उभा केलेला वारल्यांचा लढा, असा हा सगळा परिवार. ज्याच्या हाती जमीन, गिरणी आणि भांडवल, त्याच्याच हाती सत्ता. ती श्रम करणाऱ्याच्या हाती आली पाहिजे, हे त्यांचं म्हणणं.

उदारमतवाद्यांची पंचाईत शब्दापासूनच सुरू होते. ‘लिबरल’ हे राजकीय नाव स्पेनमध्ये, काडिझच्या संसदेत १८१० च्या सुमारास रूढ झालं. राजाची सत्ता राज्यघटनेनं बांधू पाहणारे ते लिबरल. त्या शब्दाच्या पोटात स्वातंत्र्य आहे. मराठीत आपण ‘उदार’ घेतला आणि स्वातंत्र्य सांडून गेलं. उदार म्हणजे मोठ्या मनाचा, सढळ हाताचा. त्यामुळे उदारमतवादी म्हणजे सगळं खपवून घेणारा भला माणूस, अशी समजूत झाली. माझ्या मते ‘स्वातंत्र्यवादी’ हा शब्द जास्त नेमका झाला असता. राजाजी आणि मिनू मसानी यांनी १९५९ साली पक्ष काढला, त्याचं नाव ‘स्वतंत्र’ होतं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९९४ साली काढलेल्या पक्षाचं ‘स्वतंत्र भारत पक्ष’. या दोन्ही नावांत मूळ अर्थ शाबूत आहे.

मग ‘मवाळ’ची भर पडली. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली, तो वाद इंग्रजांशी कोणत्या मार्गानं लढायचं याचा होता. १९१८ साली मवाळ काँग्रेसबाहेर पडले आणि त्यांनी आपल्या संघटनेच्या नावात ‘लिबरल’ घेतलं, त्यामुळे मवाळ आणि उदारमतवादी हे शब्द एकमेकांना कायमचे चिकटले. पण मवाळ हे मार्गाचं नाव आहे, विचाराचं नव्हे. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज तत्त्वज्ञ पचवलेल्या आगरकरांना मवाळ म्हणून तर पाहा. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहणारा तो माणूस अस्सल उदारमतवादी होता आणि त्याच्या लेखणीत मवाळ असं काही नव्हतं.

१९९१ नंतर ‘उदारीकरण’ आलं आणि उदारमतवाद म्हणजे खासगीकरण असा समज पसरला. अमेरिकेतला घोळ आणखी वेगळा. तिथे १९३० च्या दशकात रूझवेल्टनी सरकारी मदतीच्या आणि रोजगाराच्या योजनांना ‘लिबरल’ म्हटलं, आणि त्यांचे विरोधक हूवर खरे लिबरल आपणच असं म्हणत राहिले. रूझवेल्टचा अर्थ टिकला. म्हणून अमेरिकन बातमीतला लिबरल डावीकडे झुकलेला असतो, तर ऑस्ट्रेलियाचा लिबरल पक्ष उजवा आहे. अमेरिकन वाहिन्या पाहून मराठीत शब्द आयात करणाऱ्यांनी एवढं तरी तपासावं.

आता खरी अडचण. ज्यांना हे दोन वेगळे आहेत हे माहीत असतं, त्यांतले बहुतेक फरक असा सांगतात: डाव्यांना सरकार हवं, उदारमतवाद्यांना बाजार. ऐकायला सुटसुटीत आहे, आणि चूक आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्रजांचं खुल्या व्यापाराचं शास्त्र या देशाला जसंच्या तसं लागू पडत नाही, इथे उद्योग उभे करायला सरकारनं हात दिला पाहिजे, हा त्याचा रोख. चारच वर्षांनी रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा काढली, तेव्हा उदारमतवाद आणि मवाळपणा ही तिची तत्त्वं म्हणून त्यांनी जाहीर केली. बाजार हीच कसोटी धरली तर महाराष्ट्रातल्या उदारमतवादाचा जनकच यादीतून बाद होतो.

डावा विचारतो, सत्ता कोणाच्या हाती आहे? उदारमतवादी विचारतो, सत्ता कोणाच्याही हाती असो, तिची हद्द कुठे संपते? दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर दिलं म्हणून दुसऱ्याचं मिळत नाही. मालकाच्या हातातली सत्ता कामगारांच्या राज्याकडे गेली तर डाव्याच्या प्रश्नाचा निकाल लागतो. त्या राज्याला एखाद्याचं वर्तमानपत्र बंद करता येईल का, हा प्रश्न तसाच राहतो. उलट, वर्तमानपत्र बंद करता येणार नाही असं घटनेत लिहिलं तरी ते छापायला पैसा कोणाकडे आहे, हा डाव्याचा प्रश्न उरतोच.

या दुसऱ्या प्रश्नातली सत्ता फक्त सरकारची नसते, हे इथे बजावून सांगायला हवं, कारण नेमकं तेच विसरलं जातं. १८९१ साली संमतीवयाचा कायदा झाला आणि मुलींचं शरीरसंबंधाला संमती देण्याचं वय दहावरून बारावर गेलं. टिळकांचं म्हणणं होतं की परक्या सरकारनं आमच्या घरात कायदा घेऊन येऊ नये, सुधारणा समाजातून यावी. रानडे, भांडारकर, आगरकर कायद्याच्या बाजूला होते. सरकारी हस्तक्षेप नको म्हणणारे टिळक होते आणि हस्तक्षेप मागणारे उदारमतवादी होते! ‘सरकार विरुद्ध बाजार’ हे मोजमाप इथे कामाचंच नाही. त्या उदारमतवाद्यांना जिची हद्द आखायची होती ती सत्ता नवऱ्याची, कुटुंबाची आणि जातीची होती, आणि जिला वाचवायचं होतं ती एक एकटी मुलगी होती. उदारमतवादाचं एकक हे आहे. वर्ग नाही, समाज नाही, राष्ट्रही नाही, एक माणूस.

प्रजासत्ताकाची पहिली दोन वर्षं पाहिली की दोन्ही प्रश्न एकमेकांत कसे गुंततात ते दिसतं. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या साप्ताहिकाला मद्रास सरकारनं आपल्या प्रांतात बंदी घातली. त्याचे संपादक रोमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे १९५० मध्ये जिंकले. त्याच महिन्यात कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी आपल्या स्थानबद्धतेविरुद्ध केलेला अर्ज मात्र फेटाळला गेला. या देशात व्यक्तिस्वातंत्र्याचे हे पहिले मोठे खटले डावी माणसं लढली. त्यावरून डावे आणि उदारमतवादी एकच, असा निष्कर्ष काढणारे मला नेहमी भेटतात. तो चुकीचा आहे. सत्तेच्या हद्दीचा प्रश्न ज्याला सत्तेचा मार बसतो त्याच्या तोंडी आधी येतो. तोच माणूस सत्तेवर गेल्यावर तो विचारतो का, यावर सगळं ठरतं.

पुढच्याच वर्षी, जून १९५१ मध्ये, पहिली घटनादुरुस्ती झाली. भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांची कारणं तिनं वाढवली आणि त्याच फटक्यात नववं परिशिष्ट आणलं. मूलभूत हक्कांचा भंग होतो या कारणानं त्या परिशिष्टातले कायदे न्यायालयाला रद्द करता येणार नाहीत, अशी ती सोय. सुरुवातीला त्यात जमीनसुधारणांचे १३ कायदे होते, पुढे नोंदी २८४ पर्यंत गेल्या. जमीनदारी मोडायची तर न्यायालयाचा अडसर दूर करायलाच हवा, ही डाव्यांची भूमिका समजण्यासारखी आहे. पिढ्यान्‌पिढ्या कुळानं राबावं आणि जमीनदारानं खावं, ही व्यवस्था टिकावी असं मलाही वाटत नाही. पण न्यायालयाचं दार एकदा बंद केलं की ते फक्त जमीनदारासाठी बंद राहत नाही. शेतकऱ्यानं किती जमीन बाळगावी याची कमाल मर्यादा घालणारे सिलिंगचे कायदे त्याच परिशिष्टात गेले. शेतकरी संघटनेच्या परंपरेतली माणसं आजही त्याविरुद्ध बोलतात, ती याच कारणानं.

आणीबाणीत तर डाव्यांचीच दोन शकलं झाली. भारतीय कम्युनिस्ट पक्षानं तिला पाठिंबा दिला. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष विरोधात राहिला. समाजवाद्यांतले मधू दंडवते, मृणाल गोरे, मधू लिमये तुरुंगात गेले, आणि लोकसभेची मुदत पाच वर्षांपलीकडे वाढवली तेव्हा लिमयांनी खासदारकीचा राजीनामा दिला. डावेपणाच्या प्रश्नावर ही सगळी माणसं एका बाजूची होती. त्यांची फूट दुसऱ्या प्रश्नावर पडली. समाजवाद्यांमध्ये दोन्ही प्रश्न विचारणारी बरीच माणसं होऊन गेली, आणि मला वाटतं महाराष्ट्रात हे दोन शब्द एकमेकांत मिसळले ते मुख्यतः त्यांच्यामुळे. त्यांच्या मोठेपणाचा हा दुर्दैवी परिणाम आहे.

दोन प्रश्न वेगळे म्हणजे ते एकमेकांच्या विरुद्धही नाहीत. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली संविधान सभेसाठी केलेल्या निवेदनात शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असं मांडलं. याहून डावं काय असणार? पण ही व्यवस्था त्यांना थेट घटनेत लिहून हवी होती, म्हणजे आज आलेलं बहुमत उद्या तिला धक्का लावू शकणार नाही. आणि ती संसदीय लोकशाहीत, हुकूमशाहीवाचून हवी होती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतानाच दुसऱ्याची तरतूद करून ठेवलेली. हेच आंबेडकर १९३८ साली कम्युनिस्टांबरोबर कामगारांच्या संपात उतरले होते, आणि १९४३ साली पुण्यात डेक्कन सभेच्या निमंत्रणावरून रानड्यांवर बोलले होते.

दुसऱ्या टोकाला शरद जोशी. चाकणच्या कांदा आंदोलनापासून त्यांनी शेतकऱ्याला रस्त्यावर आणलं, आणि रस्त्यावरचा शेतकरी म्हणजे डावा, या सवयीनं कितीतरी जणांनी त्यांना डावं समजून घेतलं. त्यांची मागणी मात्र अनुदानाची नव्हती. सरकारनं शेतमालाचे भाव पाडू नयेत, निर्यात अडवू नये, शेतकऱ्याला बाजारात मोकळं सोडावं, ही होती. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ हे त्याचंच रूप. त्याच संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकांच्या नावावर जमिनी करायला लावल्या. जमीन एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे गेली नाही, ती घरातल्या घरात एका माणसाकडून दुसऱ्या माणसाच्या नावावर झाली. उदारमतवादी असून डावा नसलेला माणूस पाहायचा असेल तर मी आधी त्यांचंच नाव घेईन.

तरीही त्यांच्या विचाराच्या पक्षाला या देशात एक कागद सही करून द्यावा लागतो. १९७६ साली, ऐन आणीबाणीत, घटनेच्या सरनाम्यात ‘समाजवादी’ शब्द आला. पुढे लोकप्रतिनिधित्व कायद्यात २९ अ हे कलम आलं आणि नोंदणी हव्या असलेल्या प्रत्येक पक्षाला धर्मनिरपेक्षता, लोकशाही आणि समाजवाद या तत्त्वांवर निष्ठा लिहून देणं भाग पडलं. ते कलम आजही कायम आहे.