‘ऑटो डिटेक्ट’ म्हणजे हाताला येईल तो: दोन प्रोग्रॅमर आणि एक लॅपटॉप

मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा कॉम्प्युटर, शिकणाऱ्या पोरांचा एक पक्का समज असतो. टर्मिनलमध्ये ‘टीटीवायूएसबी-०’ दिसलं की ते त्या बोर्डाचं नाव, कायमचं. मग एक दिवस लाईट जाते, येते, यूएसबी हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी) पुन्हा चालू होतो आणि काल ‘०’ असलेला बोर्ड आज ‘१’ म्हणून हजर होतो. पोरगं म्हणतं, “सर, केबल लूज असणार.” केबल अगदी ठणठणीत असते.

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्र्यांच्या आजूबाजूला शेतीपंपाचे ऑटो-स्टार्टर, टायमर, पॅनेलचे कंट्रोलर बनवणारी छोटी वर्कशॉप आहेत. अशा ठिकाणी टेबलावर एक जुना लॅपटॉप, त्याला एक हब आणि हबला दोन-तीन प्रोग्रॅमर लटकलेले असतात. प्रोग्रॅमर म्हणजे कॉम्प्युटरवर लिहिलेला प्रोग्रॅम कोऱ्या चिपमध्ये भरणारी छोटी डबी. एका डबीला स्टार्टरचा बोर्ड, दुसरीला टायमरचा. कमांड दिल्यावर प्रोग्रॅम नेमका कुठल्या बोर्डात जाणार, हे ठरवायचं कुणी?

एव्हीआर या जातीच्या मायक्रोकंट्रोलर चिपसाठी जगभर वापरला जाणारा एव्हीआरड्यूड हा प्रोग्रॅम याचं उत्तर सरळ देतो. काही सांगितलं नाहीत, तर त्या जातीचा जो पहिला सापडेल तो. जाहिरातीत याच गोष्टीला ‘स्मार्ट ऑटो डिटेक्ट’ म्हणतात. त्यात स्मार्ट काही नाही.

आता हा ‘पहिला’ कोण हे कसं ठरतं ते बघू. यूएसबीमधला हा भाग मला सगळ्यात देखणा वाटतो.

प्रोग्रॅमर हबला लावला की त्याच्या आतला दीड किलोओहमचा एक रेझिस्टर डेटाच्या दोन तारांपैकी एक तार वर खेचतो. डी-प्लस वर गेली तर डिव्हाइस सेकंदाला १.२ कोटी बिट्सच्या वेगाचं, डी-मायनस वर गेली तर १५ लाख बिट्सच्या वेगाचं. हबला कळतं, कुणीतरी आलंय. कनेक्शन स्थिर व्हायला निदान १०० मिलिसेकंद जाऊ देतात आणि मग त्या पोर्टला रीसेट मिळतो. रीसेटनंतर प्रत्येक डिव्हाइसचा पत्ता एकच असतो: शून्य. तुमचा माऊस असो की हजारो रुपयांचा डीबगर (चिपमधल्या प्रोग्रॅमच्या चुका शोधणारं यंत्र), जन्माला येताना सगळे शून्यच.

मग दोन डिव्हाइस एकदम लावली तर दोघं एकाच पत्त्यावर ओरडणार नाहीत का? नाही, कारण कॉम्प्युटर एका वेळी एकाच पोर्टला रीसेट देऊन बोलू देतो, दुसऱ्याला थांबवून ठेवतो. त्या एकाला तो १ ते १२७ मधला एक पत्ता देतो, आणि मगच पुढच्याची पाळी. सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरसारखं आहे हे: नंबर आलेल्या क्रमाने मिळतो, त्याचा तुमच्या नावाशी संबंध नसतो आणि उद्या तो वेगळाच असतो. लिनक्सवर तर डिव्हाइस काढून पुन्हा लावलं की हा आकडा पुढे सरकतो. काल ७ असलेला आज २३.

याच ओळखपरेडीत डिव्हाइस १८ बाइट्सचं एक ओळखपत्र पाठवतं. त्यात कंपनीचा क्रमांक, मालाचा क्रमांक आणि पुढे एक बाइट ‘माझा सिरीयल नंबर अमुक जागी वाचा’ असं सांगणारा. तो बाइट शून्य असेल तर सिरीयल नंबर नाहीच. गोची इथे होते. बोर्डाला यूएसबीशी जोडणाऱ्या चिपच बघा. एफटी२३२आर या चिपमध्ये कारखान्यातूनच वेगळा नंबर भरून येतो. सीपी२१०२ वर पुष्कळदा नुसतं ‘०००१’ असतं, म्हणजे सगळ्यांचा एकच. स्वस्त सीएच३४० वर काहीच नाही. कारण साधं आहे. प्रत्येक नगात वेगळा आकडा भरायचा तर उत्पादनात एक पायरी वाढते, आणि स्वस्त मालात तेवढं कोण करत बसतंय?

सगळीकडे दिसणारा यूएसबीएएसपी हा स्वस्त प्रोग्रॅमर घ्या. टॉमस फिशल यांनी तो बनवून खुला केला. कुठल्याही दुकानातली नक्कल लावा, निर्मात्याच्या जागी बहुतेक वेळा त्यांच्याच वेबसाइटचं नाव वाचायला मिळतं! त्याचा १६सी०:०५डीसी हा कंपनी आणि मालाचा क्रमांकही कित्येक छंदी प्रकल्पांनी वाटून घेतलेला आहे. अशा दोन डब्या शेजारी लावल्या तर कॉम्प्युटरच्या लेखी त्या हुबेहूब एक.

त्यामुळे ‘हा प्रोग्रॅमर लहरी आहे’ म्हणून त्याच्यावर लिंबू-मिरची बांधण्यात अर्थ नाही. अमावस्येला चुकला असेल तर त्या दिवशी तो दुसऱ्या नंबरावर ओळखला गेला, एवढंच.

चुकीला एक अडसर मात्र आहे. एव्हीआरड्यूड आधी चिपची तीन बाइटची सही वाचतो. एटीमेगा३२८पीची १ई ९५ ०एफ, एटीटायनी८५ची १ई ९३ ०बी. सही जुळली नाही तर तो थांबतो. वैतागून कमांडमध्ये कॅपिटल एफचा पर्याय देऊन जबरदस्ती करू नका. आणि दोन्ही बोर्डांवर एकच चिप असेल तर हा अडसर कामाचा नाही. टायमरचा प्रोग्रॅम स्टार्टरमध्ये बिनबोभाट जातो.

मग निवडायचं कसं? सिरीयल नंबर असेल तर प्रश्नच नाही. कॅपिटल पीच्या पर्यायात ‘यूएसबी’ लिहून पुढे कोलन आणि नंबर. एव्हीआरआयएसपी मार्क-२ सारख्या प्रोग्रॅमर डब्यांना शेवटचे काही अंकही पुरतात, कारण जुळणी उजवीकडून होते. एसटी कंपनीच्या चिपसाठीच्या एसटी-लिंक प्रोग्रॅमरला एसटी-फ्लॅश ही कमांड वापरतात, तिला ‘सिरीयल’ हा पर्याय आहे. नंबर नसलेल्या यूएसबीटायनी प्रोग्रॅमरला बस (कॉम्प्युटरमधली यूएसबीची मुख्य लाईन) आणि डिव्हाइस क्रमांक देता येतो, पण तो सरकता आकडा आहे हे आत्ताच पाहिलं.

न सरकणारी गोष्ट एकच: भौतिक जागा. लिनक्सवर ‘१-१.४’ म्हणजे पहिली बस, तिचा पहिला पोर्ट, त्याला लावलेल्या हबचं चौथं भोक. ‘सिस’मधल्या यूएसबी डिव्हायसेसच्या फोल्डरात याच नावाचा फोल्डर असतो आणि त्यात बसनम, डेव्हनम या दोन फाइलींत त्या क्षणीचे आकडे. छोट्या स्क्रिप्टने ते वाचायचे आणि एलएसयूएसबी ही यूएसबी डिव्हाइसची यादी देणारी कमांड दाखवते तशा रूपात कमांडला द्यायचे. सिरीयल पोर्टवाल्या बोर्डांसाठी ‘सिरीयल/बाय-पाथ’ हा तयार रस्ता आहे. विंडोजवरही नंबर नसलेल्या डिव्हाइसचा कॉम क्रमांक (सिरीयल पोर्टाचं विंडोजमधलं नाव) भोकाला चिकटतो. भोक बदललं की कॉम३ चा कॉम८ होतो. म्हणून हबच्या प्रत्येक भोकाला चिकटपट्टीचं लेबल लावा, आणि हब बदलला तर रस्ते पुन्हा तपासा.

ज्यांना हौस आहे त्यांनी यूएसबीएएसपीच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, स्वतःचा सिरीयल नंबर घालावा. यूएसबीकॉन्फिग फाइलमध्ये त्याची ओळ तयार असते, ती उघडून पुन्हा कंपाइल करायचं. फक्त हा नवा फर्मवेअर भरायला दुसरा प्रोग्रॅमर लागतो. ज्याच्यात भरायचं त्याचा सेल्फ-प्रोग्रॅमिंगचा जम्पर जोडा आणि त्याला लॅपटॉपला लावू नका. त्याला वीज दुसऱ्याकडूनच मिळू दे. म्हणजे त्या वेळी तरी ‘पहिला सापडेल तो’ एकटाच असेल.