नरसापूरची गाडी आणि चाळीस नंबरचा दोरा

परभणी जंक्शनवर नरसापूर–नगरसोल गाडी थांबते तेव्हा खिडक्याखिडक्यांतून तेलुगू ऐकू येते. शिर्डीला निघालेली कुटुंबे, डब्यांत चिंचेचा भात, वरच्या बर्थवर आडवी झालेली पोरे. मनमाडच्या अलीकडे नगरसोलला उतरून ही मंडळी शिर्डीची वाट धरतात. आमच्या लेखी ती जालन्याला नाहीतर संभाजीनगरला जायची एक गाडी, बस्स. गाडी जिथून सुटते ते नरसापूर क्रोशाच्या लेससाठी देशभर नावाजलेले गाव आहे, हे मला कळले तेव्हा क्रोशाची सुई हातात धरून पंचवीस वर्षे झाली होती. एवढी वर्षे बारीक दोऱ्यासाठी मी संभाजीनगरची गुलमंडी पालथी घालत होते, आणि लेसच्या गावाची गाडी माझ्या स्टेशनवरून रोज जात होती.

आम्ही पंधरा-वीस जणी वर्षातून एकदा कार्यालय घेऊन दिवसभर लेस विणत बसतो. घरचे हसतात. ‘विणायला कार्यालय कशाला लागतं?’ असे विचारतात. विणायला लागत नाहीच. कार्यालय लागते ते दोऱ्यासाठी. हा मेळावा हौसेपोटी सुरू झाला असे आम्ही सांगतो खरे, पण त्याच्या मुळाशी टंचाई आहे, आणि ती फक्त मराठवाड्यातलीच आहे असेही नाही.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. बाजारात लेस मागितली की दुकानदार मीटरवर मोजून द्यायची पट्टी काढतो: सोनेरी, मोत्यांची, जाळीची, बहुतेक सुरतेहून आलेली. ब्लाउजला, परकराला, ओढणीला लावायची. हाताने विणलेली लेस ही वेगळी चीज. तिचे आपल्याकडे चालणारे मुख्य प्रकार दोन. क्रोशाची लेस सगळ्यांच्या ओळखीची: साखळी, मुका खांब, खांब, दुहेरी खांब. दुसरे टॅटिंग. त्यात सुई नसते, होडीच्या आकाराची बोटभर लांबीची शटल असते आणि तिच्यात दोरा गुंडाळलेला असतो. शिकताना सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते. शटलच्या दोऱ्याने डाव्या हातावर ताणलेल्या दोऱ्याभोवती गाठ मारायची, आणि मग डाव्या हाताची बोटे क्षणभर सैल सोडून शटलचा दोरा ताणायचा. गाठ पलटते. आता ती शटलच्या दोऱ्याची राहत नाही, डाव्या हातातल्या दोऱ्याची होते आणि शटलच्या दोऱ्यावर सरकते. पलटली नाही तर फास बसतो आणि गाठींचे गोल कडे ओढून बंदच होत नाही. माझ्या आत्याने मला हे तीन दुपारी शिकवले. चौथ्या दुपारी ती म्हणाली, ‘अगं, दोऱ्याला राग दाखवू नको, सैल सोड.’ त्याच दुपारी गाठ पलटली.

तिसरा प्रकार बॉबिन लेसचा. टणक भरलेल्या उशीवर टाचण्या टोचायच्या आणि लाकडी फिरक्यांना गुंडाळलेले दोरे जोडीजोडीने एकमेकांवरून नेत, पीळ देत विणायचे. आपल्याकडे हे काम विरळाच, पण मेळाव्यांचा इतिहास सुरू होतो तो इथूनच.

सोळाव्या शतकात व्हेनिस आणि फ्लँडर्स भागात ही कला बहरली. राजेरजवाड्यांच्या गळपट्ट्यांना आणि बाह्यांना लावायची लेस त्या काळी दागिन्यासारखी जपत. १८०८-०९ साली इंग्लंडमध्ये जॉन हीथकोटने जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, १८१३ साली नॉटिंगहॅमच्या जॉन लीव्हर्सने त्याच्या पुढचे यंत्र काढले, आणि हातलेसची किंमत उतरणीला लागली. २८ जून १८१६ च्या रात्री लफबरो इथल्या हीथकोटच्या कारखान्यात शिरून लडाइटांनी, म्हणजे यंत्रांविरुद्ध उठलेल्या कामगारांनी, ५५ यंत्रे फोडली. हीथकोटने कारखाना दूर टिव्हर्टनला हलवला, यंत्रे चालतच राहिली. विसावे शतक उजाडता उजाडता हातलेसचा धंदा जवळजवळ मोडला.

धंदा मोडला की त्याच्यामागचा पुरवठाही मोडतो. फिरक्या कातणारे कातारी दुसऱ्या कामाला लागतात, केसासारखा बारीक दोरा काढणाऱ्या गिरण्या तो नंबर बंद करतात. उरलेल्या हौशी बायकांना जुन्या बाजारातून आज्यांच्या फिरक्या धुंडाळाव्या लागल्या. त्या धुंडाळण्यातूनच संघटना उभ्या राहिल्या असे मला वाटते. अमेरिकेत १९५३ साली, ब्रिटनमध्ये ‘लेस गिल्ड’ १९७६ साली, आणि बॉबिन लेस व शिवणाच्या सुईने काढलेली लेस यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९८२ साली. ही शेवटची दर दोन वर्षांनी वेगवेगळ्या देशांत अधिवेशन भरवते. अधिवेशनात वर्ग असतात, प्रदर्शन असते. पण सगळ्यात जास्त गर्दी विक्रेत्यांच्या टेबलांपाशी. वर्षभर कुठेच न मिळणारी वस्तू तिथे एका छताखाली मिळते.

भारतात लेस आली ती मिशनऱ्यांबरोबर. कन्याकुमारीजवळच्या नागरकोइलला मार्था मॉल्ट या मिशनरी बाईंनी १८२० च्या दशकात मुलींना लेस शिकवली. गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूर भागात १८४४ च्या सुमारास मॅक्रे नावाच्या जोडप्याने हे काम रुजवले असे सांगतात. साधारण त्याच सुमारास, १८४५ पासून, आयर्लंडमध्ये बटाट्याचा दुष्काळ पडला आणि तिथल्या मठांतून, पाद्र्यांच्या घरांतून क्रोशे हे पोट भरण्याचे साधन म्हणून शिकवले गेले. क्लोन्स गावात कॅसांड्रा हँड यांनी १८४७ मध्ये सुरू केलेले काम आजही त्या गावाच्या नावाने ओळखले जाते. इकडे १९७२ च्या दुष्काळात आमच्या बायकांच्या हातात सुई आली नाही, खडी फोडायची हातोडी आली. माझी आत्या दोन्ही करायची. दिवसा नालाबंडिंग, रात्री कंदिलाशी रुमाल. त्या रुमालांवरचा एकही खांब वाकडा नाही, हे मी मोजून पाहिले आहे.

नरसापूरची गोष्ट मात्र नुसती कौतुकाने सांगण्यासारखी नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या लेसकाम करणाऱ्या बायकांचा अभ्यास केला, तो १९८२ साली प्रसिद्ध झाला. दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या या बायकांना ‘घरी बसून फावल्या वेळात’ काम करणाऱ्या गृहिणी समजले जाई, आणि माल परदेशी पाठवून पैसा करणारे बहुतांश पुरुष होते. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. आपली हौस ही दुसऱ्या कुणाची मजुरी आहे, हे विणताना डोक्यातून जात नाही. एक मोठा टेबलक्लॉथ विणायला मला सात महिने लागले. बाजारात तसलाच दीड-दोन हजारांना पाहिला की पोटात कालवते.

आता मराठवाड्याकडे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. मुंबईकडचा माल इथे यायचा तर हद्दीवर करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात. रेल्वेही हैदराबादकडे तोंड करून: मनमाडहून संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी मीटरगेज विसाव्या शतकाच्या तोंडावर झाली आणि थेट १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिली. त्यामुळे जुन्या पिढीच्या बायकांच्या तोंडी दोऱ्याच्या बाबतीत पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबाद जास्त. ‘हैदराबादला कुणी चाललं का?’ हा प्रश्न आमच्या वाड्यात हमखास निघायचा, आणि जाणाऱ्याच्या खिशात दोऱ्याच्या टोकाचा नमुना कागदाला चिकटवून दिला जायचा.

मेळावेही तेव्हा होतेच, फक्त त्यांना मेळावा म्हणत नसत. रुखवत हे लेसचे आपले जुने प्रदर्शन. क्रोशाचे तोरण, ताटावरचे रुमाल, कलशाखालचे गोल, टीव्ही आला तसा टीव्हीचा पडदा. लग्नघरी पाहुण्या बायका रुखवताशी वाकून उभ्या राहायच्या, त्यातली एखादी पदराआड बोटांनी खांब मोजायची. नमुना घरी जाऊन विणायचा असे. बाळंतविडा हा दुसरा प्रसंग: टोपडे, कुंची, मोजे, दुपट्याची लेस. तिसरे संक्रांतीचे हळदीकुंकू, कधी वाणात विणलेला रुमाल. नमुने लिहून ठेवण्याची पद्धत फारशी नव्हती. आत्याकडे लाल मांजरपाटाची एक लांब पट्टी होती, तिच्यावर प्रत्येक नमुन्याचा चार बोटांचा तुकडा टाचलेला. कुणी नवा नमुना मागितला की ती पट्टी उलगडायची. पुढे महिला मासिकांची विणकामाची पाने आली, तरी पट्टीवरचा विश्वास काही कमी झाला नाही.

मग पुरवठा. क्रोशाच्या दोऱ्याचा नंबर जितका मोठा, तितका दोरा बारीक. तोरणाला आणि बाळकृष्णाच्या कपड्यांना वीस नंबर चालतो, म्हणून दुकानदार वीसच ठेवतात: पांढरा, लाल, पिवळा. बारीक लेसला चाळीस लागतो, टॅटिंगला साठ-ऐंशी. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. मी एका दिवाळीत सगळे फिरले, ऐंशी नंबर एकाही रस्त्यावर नव्हता. गुलमंडीतल्या एका दुकानदाराने समजावले, ‘ताई, आणतो, पण पेटी आणावी लागते. तुम्ही दोन गोळे नेणार, बाकीची पेटी मी कुणाला देऊ?’ त्याचे काही चुकले नाही.

गंमत अशी की हा कापसाचा मुलूख. नांदेडात उस्मानशाही मिल होती. पण क्रोशाच्या दोऱ्याला नुसता कापूस पुरत नाही. लांब धाग्याचा कापूस विंचरून, सूत काढून, त्याचे पदर एकत्र पिळून वर त्याला चमक द्यावी लागते. ही चमक देण्याची युक्ती इंग्लंडच्या जॉन मर्सरने १८४४ च्या प्रयोगांत शोधली: सूत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवायचे. त्याने सूत आकसायचे आणि मजबूत व्हायचे. चमक आली ती १८९० साली होरेस लोने सूत ताणून धरून बुडवले तेव्हा. मर्सराइज्ड हे लेबलावरचे नाव त्या मर्सरचे. आपल्या दुकानांत दिसणारा अँकरचा गोळा मदुरा कोट्सचा. त्या घराण्याची मदुराईतली गिरणी हार्वे बंधूंनी १८९२ साली काढलेली. पोनीच्या सुया निलगिरीतल्या केट्टीच्या. म्हणजे कापूस आपला असला तरी दोरा आणि सुई तमिळनाडूची. बॉबिन लेसचे सामान तर इथे मागायचेच नाही. आमच्यातल्या एकीने फिरक्या लेथवाल्याकडून करून घेतल्या आणि उशी गव्हाच्या भुशाने ठासून भरली. उशी झकास झाली. फिरक्यांना पॉलिश नीट नव्हते, दोरा कुसळांत अडकायचा. मग तिने बारीक पॉलिश पेपरने एकेक घासली, छत्तीस फिरक्या.

आमचा गट जमला तो पेटीसाठीच. दहा जणींनी वर्गणी काढली, पेटी मागवली, वाटून घेतली. त्याआधीच्या एका धड्याने आम्ही शहाण्या झालो होतो. मी एक टेबलक्लॉथ अर्धा विणून झाल्यावर पांढरा दोरा संपला, दुसऱ्या दुकानातून तोच नंबर, तोच पांढरा आणला. रात्री ट्यूबलाइटखाली फरक दिसला नाही. सकाळी अंगणात पसरला तर मधोमध सरळ रेघ: इकडे दुधासारखा पांढरा, तिकडे निळसर. लेबलावर रंगाचा लॉट नंबर असतो, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या दोऱ्याचा क्रमांक, तो वेगळा होता. आता आम्ही पेटी आली की आधी लॉट वाचतो, मग चहा.

चेन्नईच्या ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ने ३१ जानेवारी २०१६ रोजी जगातले सर्वांत मोठे क्रोशाचे ब्लँकेट मांडले, ११,१४८.५ चौरस मीटरचे, ठिकठिकाणच्या बायकांनी विणून पाठवलेले तुकडे जोडून. ते पाहून आमच्यातल्या दोघींच्या अंगात आले, पण आमचा आवाका कार्यालयाच्या जेवणहॉलएवढाच.

कार्यालय आम्ही पौषात घेतो. पौषात लग्ने नाहीत, म्हणून भाडे निम्म्यावर येते. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस, त्यामुळे ‘जाते’ म्हणून सांगायला घरी कारण लागत नाही. मे महिन्याचा प्रयोग एकदा केला होता, टँकरची वाट पाहण्यातच दुपार गेली. टेबले पूर्वेच्या खिडक्यांशी, कारण पांढऱ्यावर पांढरे विणायला उजेडाशिवाय काही चालत नाही. खुर्च्या बिनहाताच्या, कोपर मोकळे राहायला हवे. गुलमंडीचे ते दुकानदार आता टेबल लावायला येतात. पहिल्या वर्षी साशंक होते, जेवायच्या आधी चाळीस नंबर संपला तसे त्यांनी मुलाला फोन केला.

गेल्या पौषात एक आजी सेलूहून एसटीने आल्या. पिशवीत लेबल नसलेला दोऱ्याचा गुंडा, त्यांच्या सासूच्या वेळचा. ‘याचा नंबर सांगा, संपत आलाय, अजून वीतभर लेस राहिली.’ आम्ही पेन्सिलवर दोरा शेजारी शेजारी गुंडाळला, एका इंचात किती वेढे बसतात ते मोजले, आमच्या चाळीसचे आणि साठचे मोजले. साठशी जुळला. पांढरा मात्र जुळेना, त्यांचा पिवळटला होता. आजींनी आमच्या गोळ्यातला हातभर तोडून घेतला, समोरच्या कपातल्या उरलेल्या चहात बुडवला आणि वाळायला खिडकीच्या गजाला बांधला.