जायचा वारा, यायचा वारा

विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे, पूर्वेकडून कलत सातत्यानं वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांची गोष्ट सांगताना बहुतेक जण कोलंबसाच्या जाण्याबद्दल बोलतात. खरी गोम त्याच्या परतण्यात होती. सप्टेंबर १४९२ मध्ये कॅनरी बेटं सोडल्यावर ईशान्येचा वारा पाठीशी लागला आणि पाच आठवड्यांत तो बहामा बेटांपाशी पोचला. वारा इतका एकमार्गी होता की, या दर्यात स्पेनकडे नेणारा वारा वाहतच नाही, या धास्तीनं खलाशी कुरकुरू लागले. धास्ती अगदीच खुळी नव्हती. ज्या वाटेनं आलो त्याच वाटेनं समोरचा वारा छातीवर घेत परतणं त्या काळच्या शिडाच्या जहाजाला जवळपास अशक्य होतं. येताना कोलंबस आधी उत्तरेकडे चढला, तिथे पश्चिमेकडून वाहणारे पश्चिमी वारे पकडले आणि अझोर्स बेटांमार्गे परतला.

ही युक्ती पोर्तुगीज खलाशांनी आधीच साधली होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यानं खाली उतरलेली त्यांची जहाजं माघारी येताना मुद्दाम भर समुद्रात शिरत आणि मोठा वळसा घालून लिस्बन गाठत. १४९७ मध्ये वास्को द गामानं तोच वळसा दक्षिण अटलांटिकमध्ये घातला. आग्नेय व्यापारी वाऱ्यांना आडवं जाऊन पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्यात उतरायचं, असा तो मार्ग. त्यात सुमारे तीन महिने जमीन दिसली नाही.

अटलांटिकच्या वाऱ्यांवर मात केलेला हा माणूस आपल्या समुद्रात मात्र सपशेल फसला. एप्रिल १४९८ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदी बंदरातून एक जाणता वाटाड्या घेऊन निघाला, तेव्हा नैर्ऋत्य वारा सुरू होत होता. तेवीस दिवसांत मलबारचा किनारा दिसला. परतताना ऑगस्टअखेर, म्हणजे अवेळी, कालिकत सोडलं. गोव्याच्या दक्षिणेला अंजदीव बेटावर थांबून ऑक्टोबरच्या सुरुवातीला पश्चिमेकडे निघाला, तरी ईशान्य वारा धड बसला नव्हता. आफ्रिका दिसायला जानेवारी उजाडला. ताज्या अन्नाविना होणाऱ्या स्कर्व्ही या रोगानं माणसं इतकी मेली की हाकारायला हात उरले नाहीत, म्हणून एक जहाज जाळावं लागलं. अरबी समुद्रात ये-जा करणाऱ्या कोणत्याही नाखव्यानं त्याला हे आधी सांगितलं असतं.

हे असं का वाहतं, हा प्रश्न विद्वानांकडे बराच उशिरा आला. एडमंड हॅली (धूमकेतूवालाच) तरुणपणी सेंट हेलेना बेटावर राहिला होता, आणि ते बेट आग्नेय व्यापारी वाऱ्यांच्या ऐन पट्ट्यात आहे. १६८६ मध्ये त्यानं या वाऱ्यांचा आणि मोसमी वाऱ्यांचा नकाशा छापला. विषुववृत्तावर हवा तापून वर चढते आणि तिची जागा घ्यायला दोन्हीकडून हवा येते, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण वारा पूर्वेकडून का येतो, याचं श्रेय त्यानं सूर्याच्या पश्चिमेकडच्या वाटचालीला दिलं. १७३५ मध्ये जॉर्ज हॅडली या लंडनच्या वकिलानं पृथ्वीच्या फिरण्याकडे बोट दाखवलं: विषुववृत्ताजवळचा भूभाग जास्त वेगानं पूर्वेकडे धावतो, बाहेरून आलेली हवा मागे पडते. त्याचं गणित पुढे सुधारावं लागलं, दिशा मात्र बरोबर होती.

आपला पाऊसही याच वाऱ्यांचा. दक्षिण हिंदी महासागरातले आग्नेय व्यापारी वारे उन्हाळ्यात विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यानं उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणून सह्याद्रीवर आदळतात.

दुसरा धागा आणखी दूरचा आहे. प्रशांत महासागरात हे वारे कोमट पाणी इंडोनेशियाकडे ढकलून ठेवतात. ते मंदावले की पाणी पूर्वेकडे सरकतं, यालाच एल निनो म्हणतात, आणि अशा वर्षी आपला पाऊस बहुधा कमी पडतो. भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर (१९०४ ते १९२४) मॉन्सूनचा अंदाज शोधता शोधता प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाच्या झोक्यापर्यंत (एका बाजूला दाब वाढला की दुसरीकडे उतरतो) पोचले. त्याची सांगड समुद्राच्या तापमानाशी घातली ती हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्येर्कनेस यांनी, १९६९ मध्ये. तीनच वर्षांनी, १९७२ ला, एल निनो आला, आणि महाराष्ट्रात तो दुष्काळ पडला, ज्याच्या आठवणी घरोघरी अजून निघतात. पण १९९७ चा एल निनो त्याहून जबर असूनही देशात पाऊस सर्वसाधारण झाला. तेव्हापासून हिंदी महासागराच्या स्वतःच्या झोक्याकडे, म्हणजे त्याच्या पूर्व आणि पश्चिम टोकांच्या तापमानातल्या चढउताराकडे, लक्ष गेलं, आणि १९९९ मध्ये त्याला द्विध्रुव हे नाव मिळालं. आता मॉन्सूनच्या अंदाजात दोन्ही समुद्रांचा हिशेब धरतात.