सेहरी (कोकणातली)

सेहरी म्हणजे रमजानमध्ये रोजा सुरू व्हायच्या आधी पहाटे खाल्लेलं जेवण. अरबीत 'सहर' म्हणजे रात्रीचा अगदी शेवटचा भाग, फटफटायच्या आधीचा, त्यावरून हा शब्द आला. सेहरी फर्ज (सक्तीची) नाही, सुन्नत (पैगंबरांची रीत) आहे, म्हणजे ती चुकली म्हणून रोजा मोडत नाही. पण सेहरी करा, तिच्यात बरकत आहे अशी हदीस (पैगंबरांचं वचन) आहे, त्यामुळे भूक नसली तरी लोक उठून निदान घोटभर पाणी आणि एक खजूर तरी खातातच.

वेळेचा नियम कुरआनातच आहे (सूरह बकरा, आयत १८७): पहाटेचा पांढरा दोरा काळ्या दोऱ्यापासून वेगळा दिसेपर्यंत खा-प्या. हे ऐकून अदी बिन हातिम नावाच्या सहाबींनी (पैगंबरांच्या साथीदारांनी) खरंच दोन दोरे उशीखाली ठेवले आणि रात्रभर बघत बसले, मग पैगंबरांनी समजावलं की दोरा म्हणजे रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड. आधी एक फसवा उजेड उभा वर चढतो, तो सुबह काजिब, आणि नंतर क्षितिजावर आडवा पसरतो तो खरा, सुबह सादिक, तिथे सेहरी संपते. आता कोकणात गंमत अशी की मोकळं क्षितिज सगळं पश्चिमेला, समुद्राकडे, आणि उजेड येतो डोंगराआडून, त्यामुळे दारात उभं राहून बघून ठरवायचं म्हटलं तर अवघडच. म्हणून सगळा कारभार छापील टाइमटेबलवर, फ्रीजला नाहीतर आतल्या दाराला चिकटवलेलं असतं ते. पण तेही आपल्या गावचं पाहिजे हां, मुंबईचं टाइमटेबल रत्नागिरीत दोन-चार मिनिटांनी चुकतं, आणि सेहरीत दोन मिनिटं म्हणजे अख्खा चहाचा कप.

आता खरा मुद्दा, जो बाहेरच्यांना सहसा माहीत नसतो. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहेत, उरलेल्या महाराष्ट्रात हनफी जास्त (हे दोन्ही सुन्नी मुसलमानांमधले धर्मनियमांचे पंथ). हनफी पद्धतीत रमजानच्या रोजाची नियत, म्हणजे रोजा धरण्याचा मनातला निश्चय, सकाळी उठून, दुपारच्या आधी केली तरी चालते. शाफईंमध्ये नाही चालत, प्रत्येक रोजाची नियत त्याच्या आदल्या रात्रीच, म्हणजे मगरिबपासून (सूर्यास्त) फजरच्या (पहाट) आत व्हायला पाहिजे. म्हणजे एखादा रात्री नियत न करता झोपला आणि सेहरीलाही उठला नाही, तर त्याला दिवसभर उपाशी तर राहावं लागतंच, वर तो रोजा धरला जात नाही, नंतर कजा करावा, म्हणजे त्याच्या बदली दुसरा रोजा ठेवावा लागतो. बऱ्याच मशिदींत याच्यावर उपाय म्हणून तरावीह (रमजानमधली रात्रीची जादा नमाज) झाल्यावर सगळ्यांकडून एकत्र नियत म्हणवून घेतात. पण घरी असलेल्या बायका, म्हातारी माणसं, उशिरा बोटीवरून आलेले लोक, त्यांचं काय? त्यांना उठवायचं कोणीतरी. मला विचाराल तर कोकणात सेहरी वाटून घेणं हे ताटापासून सुरूच होत नाही, ते सुरू होतं शेजाऱ्याची कडी वाजवण्यापासून. ताट नंतरचं.

आमच्या मोहल्ल्यात पडवीतून पडवीत हाक जायची, 'ओ भाबी, उठलात काय?' आणि समोरून दिवा लागेपर्यंत हाक मारणारी बाई हलायची नाही. नुसतं 'हो' आलं तर तिचा विश्वास नसायचा, कारण झोपेतसुद्धा माणूस हो म्हणतो. मशिदीच्या भोंग्यावरून 'एवढी मिनिटं राहिली' असं सांगायची पद्धतही होती, पण २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, आणि आपल्याकडे सेहरी कधीच ६ च्या पुढे जात नाही, तेव्हा आता मोबाइलचा अलार्म नाहीतर मिस्ड कॉल.

मोबाइलवरून आठवलं, रत्नागिरी, रायगडमधल्या कितीतरी घरांतले पुरुष आखातात नाहीतर जहाजावर. कुवेतचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, म्हणजे इथे साडेपाचला ताटं उचलली जातात तेव्हा तिकडे रात्रीचे तीन आणि नवरा अजून झोपलेला. मग इथली सेहरी आटोपून, नमाज पढून, बायको तिकडे फोन करून त्याला उठवते. हेही उठवणंच.

खाण्याचं म्हणाल तर मुंबईत मोहम्मद अली रोडवर रात्रभर जे चालतं तसं इथे काही नाही. तांदळाची भाकरी, रात्रीचं कालवण गरम करून, अंडं, दहीभात, केळं, कुणाकडे दुधात भिजवलेली फेणी (शेवयांची), खजूर, आणि शेवटी चहा. सुकट-जवळ्याची चटणी खाऊ नका, दिवसभर तहान लागते असं प्रत्येक घरातलं मोठं माणूस सांगतं आणि तेच पहिला हात घालतं. शेजारी एकटी म्हातारी असेल, कोणाच्या घरी बाळंतीण असेल, बदलीवर आलेला एकटा मास्तर असेल, तर भाकऱ्या थापतानाच दोन जास्त थापल्या जातात, रुमालाखाली झाकून पोराच्या हाती जातात. रिकामं भांडं परत पाठवायचं नाही हा नियम तर सगळ्या कोकणाचाच, त्यामुळे परतीच्या ताटात काही नाही तर दोन केळी येतात.

शेवटच्या दहा दिवसांत काही लोक मशिदीत एतिकाफला (मशिदीतच राहून इबादत करायला) बसतात, ते घरी जाऊ शकत नाहीत, म्हणून मोहल्ल्यातली घरं पाळीने त्यांची सेहरी पाठवतात. त्या दिवशी ज्या घराची पाळी, तिथे दोन वाजल्यापासूनच भांड्यांचा आवाज.

इस्लामी वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून रमजान दरवर्षी १०-११ दिवस आधी येतो आणि ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून होतात. २०१५ ते २०१७ तो ऐन पावसाच्या तोंडाशी नाहीतर पावसात होता, सेहरी पावणेपाचच्या सुमारासच संपायची, लाइट गेलेली, आणि १ जूनपासून मासेमारी बंद म्हणून ताजी मच्छी जवळपास नाहीच, तेव्हा सुकटीला पर्यायच नव्हता. २०२४ आणि २०२५ मध्ये मार्चच्या पहाटेचा गारवा मिळाला. २०३० मध्ये तर रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरात.

सगळ्यात गोंधळाची सेहरी तिसाव्या रोजाची. एकोणतिसाव्याला संध्याकाळी सगळे समुद्राकडे तोंड करून चांद बघतात, घरात शिरखुर्म्याचं दूध आणून ठेवलेलं, पोरांनी नवे कपडे दहादा बघितलेले, आणि ढगांमुळे म्हणा की चांदच नाही म्हणून म्हणा, काही दिसत नाही. मग रात्री अकराच्या सुमारास कुठूनतरी बातमी येते, उद्या रोजा. निम्मा मोहल्ला तोवर झोपलेला असतो. त्या पहाटे कड्या जास्तच जोरात वाजतात आणि ईदचं दूध सेहरीच्या चहात जातं.