फुलावरून कूळ, शेंगेवरून नाव

कॅप्सेला बर्सा-पास्टोरिस या तणाचं फूल पाहायचं तर गुडघ्यावर बसावं लागतं. पाकळी पांढरी, जेमतेम २ ते ३ मिलिमीटरची. भिंग असेल तर उत्तमच. पाकळ्या चार, अधिकच्या चिन्हासारख्या मांडलेल्या. पुंकेसर सहा, पण एका उंचीचे नाहीत: चार उंच, दोन बुटके. ही खूण पटली की झाड मोहरीच्या कुळातलं.

पण फूल कुळाच्या उंबरठ्यापर्यंतच नेतं. या कुळात ३,५००हून जास्त प्रजाती आहेत आणि फुलं बहुतेकांची याच घडणीची. नाव ठरवायचं तर शेंग पाहावी. त्यासाठी थांबायलाही नको, कारण याच दांड्यावर शेंड्याला कळ्या, खाली फुलं आणि त्याखाली शेंगा एकाच वेळी असतात.

शेंग चपटी, बदामाच्या आकाराची. निमुळतं टोक देठाकडे, रुंद बाजू वर आणि तिथे मधोमध खाच. लॅटिनमध्ये बर्सा म्हणजे पिशवी, पास्टोरिस म्हणजे मेंढपाळाची. मला तर ही चंचीच वाटते. एक वाळकी शेंग नखाने उकला. होडीसारख्या दोन फाकी गळून पडतात आणि मध्ये उरतो अरुंद, पातळ पडदा. त्याच्या कडांना तांबूस बिया लटकलेल्या. बी मिलिमीटरभर. पाण्याच्या थेंबात ठेवली की तिच्याभोवती बुळबुळीत, चिकट आवरण फुगतं.

पानांवर मात्र फार विसंबू नये. जमिनीलगतच्या चक्रातली पानं एका झाडाला खोल कातरलेली, तर शेजारच्याला जवळजवळ अखंड. दांड्यावरची जरा भरवशाची: देठ नाही आणि बुडाशी दोन कानांनी दांड्याला मिठी मारलेली.

फसवणारे भाऊबंदही शेंगेवरूनच ओळखू येतात. थ्लास्पी आर्वेन्सेची शेंग नाण्यासारखी गोल, भोवती रुंद पापुद्रा. कार्डामिने हिर्सुटाच्या शेंगा बारीक, उभ्या. पिकल्यावर बोट लागलं की तडकतात आणि बिया उडतात.

कधीकधी कॅप्सेलाचा दांडा सुजलेला, वेडावाकडा आणि चुना फासल्यासारखा पांढरा दिसतो. ही निराळी जात नव्हे. आल्बुगो नावाचा बुरशीसारखा जीव झाडात शिरलेला असतो, आणि तो पांढरा थर म्हणजे त्याचे बीजाणू.