चौकातला सैतान आणि आपली गिटार
तिशी-चाळिशीत गिटारवर ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दुःखाचं गाणं-वाजवणं) शिकायला घेतलं की कोणीतरी हमखास ब्लूजचा गाजलेला गिटारवादक-गायक रॉबर्ट जॉन्सन याची गोष्ट सांगतं. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातला हा पोरगा आधी अगदीच सुमार वाजवायचा, मग मध्यरात्री चौकात सैतानाला आत्मा विकला आणि उस्ताद होऊन परतला. म्हणजे काय, तर ब्लूज शिकून येत नाही, ते अंगातच असावं लागतं!

अहो, तो गेला होता आईक झिमरमन नावाच्या गिटारवाल्याकडे. त्याच्या घरी राहून शिकला, रात्री कोणाला त्रास नको म्हणून दोघं कबरस्तानात जाऊन वाजवायचे असं झिमरमनच्या घरच्यांनी सांगितलंय (आता कबरस्तान म्हटल्यावर लोक गप्प बसतात होय). चौकातली गोष्ट तर टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाबद्दल सांगितली जायची, आडनाव सारखं म्हणून याला चिकटली असणार. रॉबर्टच्या 'क्रॉस रोड ब्लूज' (क्रॉस रोड म्हणजे चौक) या गाण्यात सैतान नाहीच, देवाची करुणा भाकणं आहे आणि गाडी थांबत नाही म्हणून वैताग.

मला स्वतःला बेंडिंग (दाबलेली तार बाजूला ढकलून सूर चढवणं) जमत नव्हतं, महिनाभर एका बोटाने तार ढकलत होतो, सूर अर्ध्यातच लटकायचा. आमच्या गिटारच्या ग्रुपमधल्या एका काकांनी बघितलं आणि म्हणाले अरे अनामिकेच्या मागे दोन बोटं लाव, मनगट फिरव, आणि आधी तिसऱ्या तारेवर नववा फ्रेट (गिटारच्या दांड्यावरचा पट्टीने आखलेला घर) वाजवून सूर कानात घे, मग तीच तार सातव्यावरून तिथपर्यंत ओढ. पंधरा मिनिटांत सूर लागला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आत्मा अजून माझ्याकडेच आहे.