नॉनवोव्हन कापडावरील जलस्नेही प्रक्रिया

सॅनिटरी पॅड आणि डायपर यांच्यासाठी लागणाऱ्या न विणलेल्या (नॉनवोव्हन) कापडाच्या पाणी शोषण्यावर किंवा पुढे जाऊ देण्यावर नियंत्रण ठेवणारी प्रक्रिया. यातले बहुतेक कापड स्पनबॉन्ड (वितळलेल्या प्लास्टिकचे तंतू ओढून, पसरवून जोडलेल्या) पॉलिप्रॉपिलीनचे असते आणि ते मुळातच पाणी झिडकारते. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन, तर पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा जेमतेम ३० असते. त्यामुळे त्यावर पडलेला थेंब ९० अंशांपेक्षा मोठा संपर्ककोन (थेंबाची कड पृष्ठाशी करते तो कोन) करून गोल बसून राहतो. संपर्ककोन ९० अंशांच्या वर असला की तंतूंमधली छिद्रे पाणी आत ओढण्याऐवजी बाहेर ढकलतात. हा कोन खाली आणणे हे या प्रक्रियेचे काम.

मात्र सगळेच कापड जलस्नेही करायचे नसते. त्वचेला लागणाऱ्या वरच्या थराने, म्हणजे टॉपशीटने, द्रव झटकन आत सोडायचा असतो, पण स्वतःत साठवायचा नसतो. त्याखालच्या वितरण थराने तो आडवा पसरवायचा असतो. मांडीलगतच्या उभ्या पट्टीने, म्हणजे लेग कफने, मात्र एक थेंबही बाहेर जाऊ द्यायचा नसतो, म्हणून ते कापड जलरोधीच ठेवतात. काही टॉपशीटमध्ये एकाच कापडाचा मधला पट्टा जलस्नेही आणि दोन्ही कडा जलरोधी असतात. डायपर गळतो तेव्हा दोष गाभ्यातल्या शोषक पदार्थावर लगेच टाकला जातो. प्रत्यक्षात बऱ्याचदा थरांमधली द्रवाची ही वाटच चुकलेली असते.

लेप देण्याची रीत. सर्वांत रूढ पद्धत किस रोलची. जलस्नेही फिनिशचे (तंतूंवर बसवायच्या लेपद्रव्याचे) पाण्यातले पातळ द्रावण कुंडात असते, त्यात अर्धवट बुडालेला रोल सावकाश फिरतो आणि कापड त्याला नुसते चाटून जाते. पुढे गरम हवेच्या किंवा ड्रमच्या ड्रायरमध्ये पाणी उडवले जाते. टॉपशीटवर कोरड्या फिनिशचे प्रमाण कापडाच्या वजनाच्या साधारण ०.३ ते ०.६ टक्के ठेवतात.

हिशेब असा: १२ जीएसएमचे (चौरस मीटरला १२ ग्रॅम वजनाचे), ३.२ मीटर रुंद कापड मिनिटाला ३०० मीटर वेगाने धावत असेल तर मिनिटाला ९६० चौ. मी., म्हणजे ११.५२ किलो कापड निघते. त्यावर ०.५ टक्के फिनिश हवे तर मिनिटाला ५७.६ ग्रॅम सक्रिय घटक बसला पाहिजे. द्रावण ५ टक्क्यांचे असेल तर कापडाने मिनिटाला सुमारे १.१५ किलो द्रावण, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या १० टक्के, उचलले पाहिजे. हे उचलणे रोलचा वेग, कापड रोलला किती कोनात भिडते आणि कापडाचा ताण यांवर ठरते. तंतू १८ मायक्रोमीटर जाडीचे धरले तर एक चौ. मी. कापडात जवळजवळ ३ चौ. मी. तंतूपृष्ठ असते. त्यावर ०.०६ ग्रॅम फिनिश पसरले की थराची जाडी २० नॅनोमीटरच्या आसपास येते. इतका पातळ थर रुंदीभर सारखा बसवणे हाच या कामातला खरा कसोटीचा भाग.

द्रावण तयार करताना आधी क्षाररहित पाणी घ्यावे, मग मंद ढवळत फिनिश सोडावे. जोरात घुसळले की फेस होतो, आणि फेसाचे बुडबुडे रोलवर आले की कापडावर न भिजणारे ठिपके उरतात. क्षारयुक्त जड पाण्यात काही इमल्शन (पाण्यात विखुरलेले तेलकट मिश्रण) फुटतात. द्रावण कुंडात फार वेळ साचून राहिले तर जिवाणू वाढतात, वास येतो आणि पाइपांत चिकट थर धरतो, म्हणून कुंड आणि पाइप धुण्याचे वेळापत्रक काटेकोर लागते. ड्रायर कमी पडला तर ओलावा गुंडाळलेल्या कापडात अडकून बुरशी येते. तापमान जास्त झाले तर कापड आकसते आणि कडक होते, कारण पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंश सेल्सियसलाच वितळते.

टिकाऊपणाचा पेच. फिनिशमध्ये मुख्यतः आयनविरहित सर्फॅक्टंट (पाण्याचा पृष्ठताण उतरवणारे पदार्थ) असतात: मेदाम्लांचे पॉलिएथिलीन ग्लायकॉल एस्टर, इथॉक्सिलेटेड एरंडेल, पॉलिईथर जोडलेली सिलिकोने. पाण्यात सहज विरघळणारा रेणू कापड पटकन भिजवतो, पण पहिल्याच लघवीबरोबर धुऊन जातो. पुढच्या वेळी टॉपशीट पुन्हा पाणी झिडकारू लागते आणि द्रव पृष्ठावरून कडेला ओघळतो. धुऊन गेलेला सर्फॅक्टंट दुहेरी नुकसान करतो: लघवीचा पृष्ठताण उतरवतो, आणि तो उतरला की तोच द्रव लेग कफच्या जलरोधी छिद्रांतूनही पार होतो. म्हणून कमी विरघळणारा पण तंतूला धरून राहणारा घटक आणि पटकन भिजवणारा घटक यांचे मिश्रण वापरतात. फिनिश वाढवून प्रश्न सुटेल ही समजूत चुकीची आहे. जादा फिनिश गरम गोदामात शेजारच्या थरांत सरकते, लेग कफ बिघडवते आणि हॉटमेल्ट (वितळवून लावायच्या) गोंदाची पकडही सैल करते.

चाचण्या. टॉपशीट शोषक कागदाच्या गड्डीवर ठेवून ०.९ टक्के मिठाच्या पाण्याचे ५ मिलि त्यावर सोडतात आणि ते आत जायला लागलेला वेळ विद्युत्-अग्रांच्या घड्याळाने मोजतात. याला स्ट्राइक-थ्रू म्हणतात. चांगल्या टॉपशीटला ३ सेकंदांच्या आसपास किंवा कमी वेळ पुरतो. पण एका मात्रेच्या आकड्यावर विसंबू नये. त्याच जागी दुसरी, तिसरी मात्रा सोडल्यावर वेळ किती वाढतो यावरून फिनिशचा खरा दर्जा कळतो. दाब दिल्यावर द्रव उलटा वर येतो का हे वेटबॅक चाचणी सांगते, तर लेग कफसाठी कापड पाण्याच्या किती उंच स्तंभाचा दाब सोसते हे पाहतात. यंत्राशेजारी लगेच करण्याजोगी तपासणी म्हणजे कापडाच्या रुंदीभर ठराविक अंतरावर रंगीत मिठाच्या पाण्याचे थेंब टाकणे. एकच थेंब रेंगाळला तर किस रोलवरची ती जागा शोधावी, सगळेच रेंगाळले तर द्रावणाची तीव्रता पाहावी. ड्रॉपरला साबणाचा अंश राहिला असेल तर वाईट कापडही चांगले दिसते.

इतर मार्ग. जलस्नेही मास्टरबॅच (घटक दाट मिसळलेले प्लास्टिकचे दाणे) वितळलेल्या पॉलिप्रॉपिलीनमध्येच मिसळता येते. मग कुंड आणि ड्रायर लागत नाहीत, पण घटक पृष्ठभागावर यायला वेळ लागतो, म्हणून ताज्या कापडाची चाचणी फसवी ठरते. कोरोना किंवा प्लाझ्मा (विजेच्या विसर्जनाच्या) प्रक्रियेने पृष्ठऊर्जा वाढते, मात्र पृष्ठावरचे ध्रुवीय गट हळूहळू आत वळल्याने साठवणीत परिणाम ओसरतो. कापसाची अडचण उलटी आणि सोपी आहे: तंतू मुळात जलस्नेही, वरचे नैसर्गिक मेण आडवे येते. कॉस्टिक सोड्यात उकळून आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने विरंजन करून ते काढले की कापूस लगेच पाणी पितो.

सॅनिटरी पॅडसाठी मिठाच्या पाण्याचा आकडा पुरेसा नाही. मासिक स्राव पाण्यापेक्षा बराच घट्ट असतो, त्यात प्रथिने आणि श्लेष्म असते, त्यामुळे लघवीसाठी उत्तम ठरलेले टॉपशीट पॅडवर ओले आणि डागाळलेले राहू शकते. भारतात सॅनिटरी पॅडसाठी आयएस ५४०५ हे मानक आहे. १९८० च्या आवृत्तीत पॅडवर मिनिटाला १५ मिलि या गतीने ३० मिलि द्रव सोडून खालून वा कडेने गळती होते का, हे पाहण्याची चाचणी होती. २०१९ मध्ये मानक सुधारले गेले. महाराष्ट्रात इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत नॉनवोव्हनसाठीचे उत्कृष्टता केंद्र आहे.